टॉमी रमोनचा ठेका

१९७४च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधला एक नवा बँड ड्रमरच्या शोधात होता. मॅनहॅटनमध्ये परफॉर्मन्स स्टुडिओज नावाची तालमीची जागा होती, तिथे चाचण्या चालल्या होत्या. जॉनी गिटारवर आणि डी डी बेस गिटारवर हे पक्कं होतं. उंच, किडकिडीत जोई तोवर ड्रम वाजवत होता, पण गाण्यांचा वाढता वेग त्याच्या हाताला झेपेना. डी डीला एकाच वेळी गाणं आणि वाजवणं जमेना. म्हणून जोईला पुढे आणून माइकसमोर उभं करायचं ठरलं आणि ड्रमची खुर्ची मोकळी झाली. वादक येत राहिले आणि परत जात राहिले. त्यांना वाजवता येत नव्हतं असं नाही. त्या काळच्या हार्ड रॉकचं वळण त्यांच्या हातात इतकं मुरलेलं होतं, की ओळ संपली रे संपली की मधली जागा ते टॉम नावाच्या ड्रमांच्या गडगडाटाने भरून काढत. त्या जागेच्या कारभारात भागीदार असलेला आणि या बँडची व्यवस्था पाहू लागलेला तमाश एर्देयी प्रत्येकाला समजावत होता, की हे नको, सरळ वाजवा. सांगून उपयोग होईना, तेव्हा करून दाखवण्यासाठी तो स्वतः ड्रमसेटमागे बसला. त्याचं वाद्य गिटार, ड्रम त्याने कधी हाती घेतले नव्हते. १६ ऑगस्टला सीबीजीबी या क्लबात रमोन्सच्या या चौघांचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा ड्रमवर तोच होता आणि त्याचं नाव झालं होतं टॉमी रमोन.

पंक रॉकबद्दल एक समज इतका रुजला आहे, की पंकचे चाहतेसुद्धा तो अभिमानाने सांगतात: ज्यांना वाजवता येत नव्हतं, त्यांनी वाजवलेलं हे संगीत. या समजुतीत सर्वांत खालचा पाट ड्रमरचा. गायकाकडे शब्द असतात, गिटारवाल्याकडे आवाज असतो, ड्रमरने फक्त मागे बसून जोरात बडवायचं. टॉमी रमोनची कारकीर्द पाहिली की हे चित्र उलटं करावं लागतं. रमोन्सचं संगीत ड्रमच्या खुर्चीवरून रचलं गेलं, आणि ते रचणाऱ्या माणसाचं कौशल्य हातांच्या चपळाईत नव्हतं. काय वाजवायचं नाही, हे ठरवण्यात ते होतं. वादकाचं मोल करताना आपण पहिली गोष्ट मोजतो आणि दुसरी सोडून देतो. हे मोजमाप अपुरं आहे, असं मला ठामपणे वाटतं, आणि ते तपासायला टॉमीइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही.

हा माणूस संगीताच्या बाबतीत अजाण नव्हता. जन्म बुडापेस्टचा, २९ जानेवारी १९४९चा. आईवडील ज्यू. नाझींच्या काळात शेजाऱ्यांनी लपवलं म्हणून ते वाचले. नातेवाइकांपैकी अनेकजण मारले गेले. टॉमी लहान असतानाच हे कुटुंब अमेरिकेत आलं आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फॉरेस्ट हिल्समध्ये स्थिरावलं. रमोन्सचे चौघंही त्याच वस्तीतले. शाळेत असताना टॉमी टँजरिन पपेट्स नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि त्याच्या शेजारी बेस गिटार घेऊन जॉन कमिंग्ज उभा असायचा. हाच पुढे जॉनी रमोन झाला. शाळेनंतर टॉमीने न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत साहाय्यक ध्वनिमुद्रकाचं काम धरलं. १९७०च्या 'बँड ऑफ जिप्सीज' या जिमी हेंड्रिक्सच्या आल्बमच्या कामात तो होता. म्हणजे त्या पिढीतला सर्वांत विलक्षण गिटारवादक कसा ऐकू येतो, हे त्याने काचेपलीकडे बसून, एकेक वाद्य वेगळं करून ऐकलेलं होतं. रॉकमधली उस्तादी त्याला परकी नव्हती. ती पुरेपूर ऐकूनच त्याने दुसरी वाट धरली.

त्या उस्तादीचं वजन किती होतं, ते आज चटकन ध्यानात येत नाही. क्रीम या बँडच्या १९६८च्या 'व्हील्स ऑफ फायर' या आल्बमवर जिंजर बेकरचं 'टोड' आहे. ते सोळा मिनिटांहून जास्त चालतं आणि त्यातला बहुतेक वेळ एकट्या ड्रमचा आहे. लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम मंचावर 'मोबी डिक' वाजवायला बसला की बाकीचे वादक उठून विंगेत जात. कार्ल पामरचा ड्रमसेट फिरत्या मंचावर मांडलेला असे. यात कुणाला कमी लेखायचं कारण नाही, ती मोठीच माणसं होती. पण बेकरसारखा हात नसलेल्या शेकडो ड्रमरांनी त्यांचा पसारा तेवढा उचलला आणि गाणं त्या पसाऱ्याखाली दबून गेलं. रमोन्सचा पहिला आल्बम एप्रिल १९७६मध्ये आला. त्यात चौदा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून २९ मिनिटांत संपतात. बेकरचं 'टोड' दोनदा वाजवायला लागला असता त्याहून हा वेळ कमी आहे.

या २९ मिनिटांत ड्रमवर काय घडतं, ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे. चार मात्रांचं आवर्तन. पायाने बेस ड्रमवर पहिली आणि तिसरी मात्रा, डाव्या हाताने स्नेअरवर दुसरी आणि चौथी. उजवा हात हाय-हॅट या झांजांच्या जोडीवर प्रत्येक मात्रेचे दोन सारखे भाग पाडत जातो, म्हणजे एका आवर्तनात आठ ठोके. सांगायला इतकंच आहे. 'ब्लिट्झक्रीग बॉप'ची लय मिनिटाला पावणेदोनशे मात्रांच्या आसपास आहे. याचा अर्थ हाय-हॅटवरचा एकटा उजवा हात मिनिटाला साडेतीनशे ठोके देतो, सेकंदाला जवळजवळ सहा, आणि त्यातला एकही ठोका पुढच्या-मागच्याहून जड किंवा हलका पडलेला चालत नाही. जॉनी गिटारवर फक्त वरून खाली असा एकाच दिशेचा झटका देत असे, तेही याच आठाच्या मापाने. हाय-हॅटची एक टिकली आणि गिटारचा एक झटका असे जोडीजोडीने पडत जातात, त्यामुळे गिटारला करवतीसारखे दात येतात. ड्रमरने मध्येच टॉमवर हात फिरवायला हाय-हॅट सोडला, तर तेवढ्यापुरते ते दात बोथट होतात. चाचणीला आलेल्या वादकांना टॉमी जे सांगत होता, त्यामागचं कारण हे होतं. मधली जागा भरली की भिंतीला भोक पडत होतं.

मराठी श्रोत्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ख्यालाच्या बैठकीत विलंबित एकतालाचा ठेका धरून बसलेला तबलजी आपल्या परिचयाचा आहे. वाजवण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ असतं, ते बाजूला ठेवून तो गवयाला सम दाखवत राहतो. जाणकार त्याला साधा वाजवणारा म्हणत नाहीत, उलट धरलेला ठेका ढळला नाही म्हणून दाद देतात. दोन संगीतांमध्ये बाकी काही सारखं नाही. एकाची लय अतिशय संथ, दुसऱ्याची धावती. एकात पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम, दुसऱ्यात क्वीन्सच्या गल्लीतली पोरं. पण ठेका धरणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचा कस वेगळा लागतो, एवढं तिथून इथे नक्की आणता येतं.

शिवाय या कामात शरीर पणाला लागतं. ३१ डिसेंबर १९७७च्या रात्री लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये रमोन्सने केलेला कार्यक्रम 'इट्स अलाइव्ह' या नावाने आल्बम म्हणून निघाला. त्यात २८ गाणी सुमारे ५४ मिनिटांत होतात. एक गाणं संपतं, डी डी ओरडून एक ते चार आकडे मोजतो आणि पुढचं सुरू. मंचावर प्रत्येक गाणं स्टुडिओतल्यापेक्षा आणखी जलद. गायकाला दोन ओळींच्या मध्ये श्वास मिळतो, हाय-हॅटवरच्या मनगटाला तोही मिळत नाही. ब्लाँडी या बँडचा ड्रमर क्लेम बर्क याच्यावर ब्रिटनमधल्या क्रीडावैज्ञानिकांनी दीर्घकाळ अभ्यास केला. कार्यक्रमात त्याच्या हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला १४० ते १५० असत आणि मधूनच १९०पर्यंत जात, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या तोडीचे, असं २००८मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत सांगितलं गेलं. मागे बसून नुसतं बडवायचं, असं म्हणणाऱ्याने हे आकडे जरूर पाहावेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप उघड आहे: टॉमीला याहून जास्त येतच नव्हतं, मग त्याने संयम पाळला असं कसं म्हणायचं? जे येत नाही ते न वाजवणं यात कसला निर्णय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. पंचविसाव्या वर्षी ड्रम हाती घेतलेल्या माणसाकडे बोनहॅमचे हात नव्हते आणि तसा दावा त्यानेही केला नाही. पण घटनाक्रम पाहा. ज्यांना जास्त येत होतं ते आधी येऊन गेले होते आणि त्यांना नको म्हणणारा टॉमीच होता. ड्रमशिवायचा टॉमी, फक्त कानांनी ऐकणारा. कसा ठेका हवा याची कल्पना आधी होती, हात नंतर आले. दुसरं असं, की साडेतीन-चार वर्षं जवळजवळ रोज वाजवून माणसाचा हात सुटतोच. १९७७च्या जानेवारीत 'लीव्ह होम' आला आणि नोव्हेंबरात 'रॉकेट टू रशिया'. या दोन्हींत वादन अधिक घट्ट, अधिक सफाईचं झालेलं ऐकू येतं, पण अलंकार वाढलेले नाहीत. हात तयार झाल्यावरही त्याने मधली जागा मोकळीच ठेवली. इथे नाइलाज हे कारण पुरत नाही.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. जॉनीची गिटार आणि डी डीची गाणी हेच रमोन्स, ड्रमर त्यांच्या मागून चालला, असं पुष्कळांना वाटतं. जॉनीच्या उजव्या हाताचं महत्त्व नाकारता येणारच नाही. वर म्हटलं तसं हाय-हॅट आणि तो हात एकमेकांत गुंतलेले होते. पण श्रेयाची नोंदच इथे धूसर आहे. पहिल्या आल्बमवर एक जुनं गाणं सोडलं तर सगळी गाणी बँडच्या सामायिक नावावर छापलेली आहेत, त्यामुळे कुणी काय लिहिलं ते मुखपृष्ठ उलटून कळत नाही. 'ब्लिट्झक्रीग बॉप' मुख्यतः टॉमीने लिहिलं, शीर्षक डी डीने दिलं. बे सिटी रोलर्सच्या 'सॅटर्डे नाइट'मध्ये लोकांनी मिळून म्हणायची घोषणा आहे, तशी आपल्याही गाण्यात असावी, अशी त्यामागची इच्छा होती. 'आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड' हे त्या आल्बमवरचं हळवं गाणंही टॉमीचं. फेब्रुवारी १९७६मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत, साधारण आठवडाभरात आणि ६,४०० डॉलर खर्चात हा आल्बम झाला. निर्माता क्रेग लिऑन, सहयोगी निर्माता टॉमी. त्यात बेस गिटार एका कानाला आणि गिटार दुसऱ्या कानाला ठेवलेली आहे. मधोमध फक्त जोईचा आवाज आणि टॉमीचे ड्रम. हेडफोन लावून ऐकलं की रमोन्सच्या घराचं आढं कुठे आहे ते लगेच कळतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. ४ मे १९७८ला टॉमी सीबीजीबीमध्ये ड्रमर म्हणून शेवटचं वाजवला. व्हॅनमधले अखंड दौरे आणि बँडमधले ताण त्याला सोसेनासे झाले होते. त्यानंतर रमोन्स १८ वर्षं चालले, ६ ऑगस्ट १९९६ला लॉस एंजेलिसमध्ये थांबेपर्यंत त्यांचे एकूण २,२६३ कार्यक्रम झाले आणि त्यातल्या बहुतेकांना ड्रमवर टॉमी नव्हता, मार्की होता. मग ज्याच्यावाचून काही अडलं नाही, त्याला पाया का म्हणायचं? याचं उत्तर त्याच्या जागी आलेल्यांच्या वादनातच आहे. मार्की म्हणजे मार्क बेल हा खरा तालमीतला ड्रमर. डस्ट या हार्ड रॉक बँडमध्ये आणि रिचर्ड हेलच्या व्हॉइडॉइड्समध्ये तो कितीतरी वळणावळणाचं वाजवून आला होता. रमोन्समध्ये आल्यावर त्याने ते बाजूला ठेवलं आणि टॉमीचा आठाचा ठेका उचलला, तो अधिक ताकदीने, अधिक वेगाने वाजवला. त्याचा पहिला आल्बम 'रोड टू रुइन' १९७८मध्येच आला, आणि त्याचे सहनिर्माते होते एड स्टेशियम आणि टॉमी. म्हणजे आपल्या जागी बसलेल्या माणसाचे ठोके टॉमी काचेपलीकडून ऐकत होता. सहा वर्षांनी, १९८४च्या 'टू टफ टू डाय'च्या वेळी, हेच पुन्हा घडलं. तेव्हा ड्रमवर मार्कीच्या जागी आलेला रिची होता आणि निर्मितीला पुन्हा टॉमी आणि स्टेशियम.

उलट बाजूचा पुरावा क्लेम बर्कचा आहे. १९८७च्या ऑगस्टमध्ये रिची अचानक बाहेर पडला, तेव्हा 'एल्विस रमोन' असं नाव घेऊन बर्क मदतीला आला. हा तोच बर्क, ज्याच्या हृदयाचे ठोके पुढे शास्त्रज्ञांनी मोजले. त्या पिढीतल्या उत्तम ड्रमरांत त्याची गणना होते, ब्लाँडीच्या गाण्यांतलं त्याचं भरगच्च वादन मला स्वतःला फार आवडतं. रमोन्सबरोबर तो दोन कार्यक्रमांपुरता टिकला. त्याची चाल वेगळी होती, सलग तेच ते आठ ठोके हा त्याचा पिंड नव्हता. मग मार्की परत आला. कुणालाही जमेल अशी ही गोष्ट असती तर बर्कला ती पहिल्याच संध्याकाळी जमली असती. वाजवणारा बदलता येत होता, ठेका बदलता येत नव्हता. पाया म्हणायचं ते याला.

इथे माझ्या म्हणण्याची एक मर्यादाही कबूल करायला हवी. पंकमध्ये हाच एक मार्ग होता असं नाही. ४ जुलै १९७६ला रमोन्स लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजले आणि ब्रिटिश पंक तिथून उगवलं, असं सांगायची पद्धत आहे. त्याच रात्री शेफील्डमध्ये सेक्स पिस्टल्स वाजवत होते आणि त्यांच्याआधी द क्लॅश आपला पहिला कार्यक्रम करत होते, तेव्हा ती कथा तशी सरळ नाही. त्या क्लॅशमध्ये पुढच्या वर्षी टॉपर हेडन आला. त्याच्या हातात जॅझ होतं, सोल होतं, रेगे होतं. तो नसता तर १९७९चा 'लंडन कॉलिंग' आणि त्यानंतरचा 'सँडिनिस्टा!' इतक्या दिशांना जाऊच शकले नसते. 'रॉक द कॅस्बा'चं संगीत त्याचं, आणि त्यातले ड्रम, बेस आणि पियानो तिन्ही त्यानेच वाजवले. १९८२च्या मे महिन्यात हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला बँडमधून काढलं गेलं. ते गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं, पण त्याच्या व्हिडिओत ड्रमवर टेरी चाइम्स दिसतो. हे पाहताना आजही वाईट वाटतं. टॉपरसारखा चौफेर वादक पंकमध्ये बसतो, तर टॉमीचा संयम हा पंकचा नियम म्हणता येणार नाही. तो रमोन्सच्या गाण्यांसाठी काढलेला तोडगा होता. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे: दोघांनीही ड्रमच्या खुर्चीवरून अख्खं गाणं ऐकलं, आणि दोघांचंही ते काम पुढे उभ्या असलेल्यांच्या सावलीत राहिलं.

या सावलीला पैशाचीही बाजू आहे. आर्तुरो वेगा या कलाकाराने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून रमोन्सचं बोधचिन्ह केलं. गरुडाच्या एका पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट, दुसऱ्यात ऑलिव्हऐवजी सफरचंदाची फांदी, आणि भोवतीच्या वर्तुळात चौघांची नावं. ड्रमर बदलला की त्या वर्तुळातलं नाव बदलायचं. आल्बम फारसे खपत नसताना या चिन्हाचे टी-शर्ट मात्र भरपूर खपायचे, आणि टी-शर्टांच्या उत्पन्नात वाटा नाकारला गेला म्हणूनच रिची बाहेर पडला. वर्तुळात नाव आहे पण गल्ल्यात वाटा नाही, ही ड्रमरची जुनी व्यथा आहे, आणि ती पंकपुरती नाही.

टॉमीने खुर्ची सोडली पण काम सोडलं नाही. एर्देयी या आपल्या खऱ्या आडनावाने तो निर्माता म्हणून पुढे गेला. १९८५मध्ये मिनिआपोलिसच्या द रिप्लेसमेंट्सचा 'टिम' त्याने केला, १९८७मध्ये रेड क्रॉसचा 'न्यूरोटिका'. जोई २००१मध्ये गेला, डी डी २००२मध्ये, जॉनी २००४मध्ये. मूळच्या चौघांपैकी तो एकटा उरला. पहिला आल्बम अमेरिकेत सुवर्णप्रमाणित झाला ३० एप्रिल २०१४ला, प्रकाशनानंतर ३८ वर्षांनी. त्याच वर्षी ११ जुलैला क्वीन्समध्येच, रिजवुडमधल्या घरी, पित्तनलिकेच्या कर्करोगाने टॉमीचं निधन झालं. तो ६५ वर्षांचा होता.

शेवटच्या वर्षांत तो क्लॉडिया टिनन हिच्याबरोबर अंकल मंक या नावाने ब्लूग्रास वाजवत असे. पंकवाला म्हातारपणी डोंगराळ मुलखातल्या लोकसंगीताकडे वळला, असं त्याबद्दल कौतुकमिश्रित नवलाने बोललं गेलं. टॉमीला मात्र ही दोन संगीतं जवळची वाटत, दोन्ही घरच्या घरी, गुरुकुलाशिवाय घडलेली. मला त्यातलं मँडोलिन महत्त्वाचं वाटतं. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात. तिथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनच्या तारा छेडून लगेच बोटांनी दाबून टाकतात. 'चॉप' म्हणतात त्याला. आवाज कोरडा, तुटक, अगदी स्नेअरसारखा. अंकल मंकमध्ये मँडोलिन वाजवायचा टॉमी.